तरतमभाव : इंग्रजीचा आणि मराठीचा

‘तारतम्य’ हा शब्द मराठी घरांत इतक्या वेळां उच्चारला जातो कीं, तो व्याकरणांतून घरांत आला आहे याची आठवणही कोणास राहिलेली नाहीं. दोन वस्तूंमधील अधिक कोणती हें दाखविण्यास संस्कृतांत विशेषणाला ‘तर’ हा प्रत्यय लागतो, आणि पुष्कळांमधील सर्वांत अधिक कोणती हें दाखविण्यास ‘तम’ हा प्रत्यय लागतो. ‘तर’ आणि ‘तम’ या दोन पायऱ्यांपासूनच ‘तारतम्य’ हा शब्द बनला. विशेषणाच्या या पायऱ्यांस व्याकरणांत ‘तरतमभाव’ म्हणतात. गणितांत लसावि आणि मसावि काढणारें प्रत्येक मूल ‘लघुतम’ आणि ‘महत्तम’ हे दोन तमभाव पाठच करीत असतें. इतकें असूनही इंग्रजी शिकतांना हेंच प्रकरण मराठी माणसाला पुनःपुन्हां अडखळवितें. त्याचें कारण त्याच्या बुद्धींत नसून त्याच्या मातृभाषेच्या घडणींत आहे.

संस्कृतापासून शब्द घेतांना मराठीनें हे प्रत्यय घेतले, पण स्वतःच्या विशेषणांस ते लावले नाहींत. ‘उंच’ हें विशेषण एकटें असो, तुलनेंत असो वा सर्वांच्या वर असो, तें ‘उंच’च राहतें. ‘राम उंच आहे’, ‘राम गोविंदापेक्षां उंच आहे’, ‘राम सर्वांत उंच आहे’ या तिन्ही वाक्यांत विशेषण जसेंच्या तसें आहे. तुलनेचा सारा भार ‘पेक्षां’, ‘हून’ किंवा ‘सर्वांत’ यांवर, म्हणजे ज्याच्याशीं तुलना करावयाची त्या दुसऱ्या पक्षावर पडतो. इंग्रजींत हा भार विशेषणानें उचलावयाचा असतो. ‘टॉल’चें ‘टॉलर’ झालें कीं तुलना झाली. पुढें ‘दॅन’ येवो अथवा न येवो. मराठी विद्यार्थी ‘पेक्षां’च्या ठिकाणीं ‘दॅन’ ठेवतो आणि काम झालें असें समजून ‘टॉल दॅन’ लिहितो. हें चूक आहे असें कोणी सांगितलें म्हणजे तो दुसऱ्या टोकास जातो आणि खबरदारी म्हणून ‘मोअर टॉलर दॅन’ लिहितो. दोन्ही चुकांचें मूळ एकच.

‘श्रेष्ठ’, ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘वरिष्ठ’, ‘बलिष्ठ’, ‘पापिष्ठ’ हे शब्द संस्कृतांत तमभावाचेच आहेत. त्यांतील ‘इष्ठ’ हा प्रत्यय ‘तम’चाच अर्थ सांगतो. मराठीला त्याचें विस्मरण झालें. म्हणून मराठींत ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणावें लागतें, आणि कचेरींत एकाच वेळीं दहा कनिष्ठ लिपिक असूं शकतात. व्युत्पत्ति पाहूं गेल्यास सर्वांत लहान असा एकच असावयास हवा! हा ‘इष्ठ’ प्रत्यय आणि इंग्रजीचा ‘एस्ट’ हे मात्र सख्खे भाऊ आहेत. संस्कृत ‘स्वादु’ आणि इंग्रजी ‘स्वीट’ हे एकाच प्राचीन मुळापासून निघाले, आणि त्यांचे तमभाव ‘स्वादिष्ठ’ आणि ‘स्वीटेस्ट’ हे तर मुळानें आणि प्रत्ययानेंही एक आहेत. मराठींत ‘स्वादिष्ट’ असें लिहून आपण त्याची जन्मखूण पुसून टाकली आहे, ही गोष्ट निराळी. फारसींतील ‘तर’ हाही संस्कृत ‘तर’चाच नातलग असून, हिंदींत रुळलेल्या ‘बेहतर’ आणि ‘बदतर’ या शब्दांत तो स्पष्ट ऐकूं येतो.

इंग्रजींत तरतमभाव करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली जुनी, घरची : शब्दाच्या शेवटीं ‘एर’ आणि ‘एस्ट’ हे प्रत्यय लावणें. दुसरी मागाहून वाढलेली : शब्द तसाच ठेवून त्यापूर्वीं ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ हे शब्द योजणें. नॉर्मन लोकांनीं १०६६ सालीं इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजींत शिरला. फ्रेंच भाषेंत विशेषणापूर्वीं स्वतंत्र शब्द ठेवून तुलना दाखवितात. त्या रीतीचा इंग्रजीवर परिणाम किती झाला याविषयीं पंडितांचें एकमत नाहीं. तेराव्या-चौदाव्या शतकांपासून ‘मोअर’ची रीत वाढत गेली एवढें मात्र निश्चित. आतां कोणत्या शब्दाला कोणती रीत लावावयाची हें बव्हंशीं त्याच्या लांबीवर ठरतें. ज्या शब्दाच्या उच्चारांत एकच स्वर आहे त्याला प्रत्यय लागतो : ‘टॉल’, ‘शॉर्ट’, ‘कोल्ड’. तीन वा अधिक स्वरांच्या शब्दाला ‘मोअर’ लागतें : ‘ब्यूटिफुल’, ‘डिफिकल्ट’, ‘इंटेलिजंट’. भांडण आहे तें मधल्या, दोन स्वरांच्या शब्दांचें. त्यांपैकीं ज्यांच्या शेवटीं ‘वाय’ आहे, उदाहरणार्थ ‘हॅपी’, ‘ईझी’, ‘हेवी’, ते ‘वाय’चा ‘आय’ करून प्रत्यय घेतात. ‘नॅरो’, ‘जेंटल’, ‘सिंपल’, ‘क्लेव्हर’ यांसही प्रत्यय शोभतो. ‘केअरफुल’, ‘यूसलेस’, ‘फेमस’ यांस ‘मोअर’च हवें. ‘कॉमन’सारखे कांहीं शब्द दोन्ही घरीं जेवतात. ‘टायर्ड’, ‘बोअर्ड’ हे उच्चारांत एकस्वरी असले तरी क्रियापदांपासून आलेले असल्यामुळें ‘मोअर’ घेतात. ‘राइट’ आणि ‘राँग’ यांचेंही तसेंच. उलट ‘अन्हॅपी’ तीनस्वरी असूनही त्याचें ‘अन्हॅपिअर’ होतें, कारण ‘अन्’ हें पाहुणें असून घरमालक ‘हॅपी’च आहे.

लेखनाची एक खूण लक्षांत ठेवण्याजोगी आहे. शेवटीं एकच व्यंजन आणि त्यापूर्वीं एकच स्वर-अक्षर असेल तर तें व्यंजन दोनदां लिहितात. ‘बिग’मध्यें ‘जी’, ‘हॉट’मध्यें ‘टी’, ‘थिन’मध्यें ‘एन’. असें न केल्यास मागील स्वराचा उच्चार पालटेल. उच्चाराचीही एक मौज येथें आहे. ‘लाँग’, ‘स्ट्राँग’, ‘यंग’ या शब्दांच्या शेवटीं इंग्रज माणूस स्पष्ट गकार उच्चारीत नाहीं. केवळ नाकांतला ध्वनि करून थांबतो. परंतु ‘लाँगर’, ‘स्ट्राँगर’, ‘यंगर’ म्हणतांना तो गकार एकाएकीं प्रकट होतो. गाणाऱ्या ‘सिंगर’मध्यें मात्र तो प्रमाण उच्चारांत येत नाहीं. मराठी माणूस सर्वत्रच गकाराचा भरणा करीत असल्यामुळें ‘सिंगर’मध्यें तो चुकतो, पण ‘लाँगर’मध्यें, कांहीं न शिकतां, बरोबर ठरतो.

दोन्ही रीती एकत्र वापरूं नयेत हा नियम आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या डोक्यावर टांगलेला आहे. तो अनादि नाहीं. शेक्सपिअरनें १५९९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘ज्यूलिअस सीझर’ या नाटकांत अँटनीच्या प्रसिद्ध भाषणांत ‘मोस्ट’ आणि ‘एस्ट’ हीं दोन्हीं एकाच विशेषणाला लावलेलीं आहेत, आणि त्या काळीं त्यांत कोणास वावगें वाटलें नाहीं. अठराव्या शतकांतील व्याकरणकारांनीं भाषेला शिस्त लावण्याचें मनावर घेतलें. रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ सालच्या व्याकरणानें असले दुहेरी प्रयोग अयोग्य ठरविले, आणि पुढील पिढ्यांनीं तो निर्णय शिरोधार्य मानला. शेक्सपिअरला जें शोभलें तें परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत शोभत नाहीं, हें याचें तात्पर्य घेण्यास हरकत नाहीं.

अनियमित शब्द थोडेच आहेत आणि ते पाठ करण्यावांचून गत्यंतर नाहीं : ‘गुड, बेटर, बेस्ट’, ‘बॅड, वर्स, वर्स्ट’, ‘लिटल, लेस, लीस्ट’, ‘मच’ आणि ‘मेनी’ या दोहोंचें ‘मोअर, मोस्ट’. परंतु कांहीं अगदीं साधे दिसणारे शब्द मुळांत तरतमभावाचे आहेत, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. ‘निअर’ म्हणजे जवळ. पण हें मूळ विशेषण नव्हे. जुन्या इंग्रजींत जवळ या अर्थीं ‘नाय’ या शब्दाचा पूर्वज होता. त्याचा तरभाव तो ‘निअर’, आणि तमभाव तो ‘नेक्स्ट’. म्हणजे ‘नेक्स्ट’चा मूळ अर्थ ‘सर्वांत जवळचा’. पुढें ‘निअर’ हा तरभाव आहे याचा विसर पडला आणि त्याला पुन्हां प्रत्यय लावून ‘निअरर’ केलें गेलें. ‘लास्ट’ हा ‘लेट’चा जुना तमभाव, आणि ‘फर्स्ट’ हाही पुढें असणें या अर्थाच्या शब्दाचा तमभावच. ‘श्रेष्ठ’चें मराठींत जें झालें तेंच हें. जी भाषा तरतमभावाचे प्रत्यय रोज वापरते तिलाही आपले जुने प्रत्यय ओळखूं येईनासे होतात.

आतांपर्यंतचा भाग पाठांतराचा झाला. खरी अडचण पुढें आहे, आणि ती परीक्षेपेक्षां पत्रव्यवहारांत अधिक नडते. कारण रूप चुकलें तर वाचणारा हंसून सोडून देतो, पण वाक्याची जुळणी चुकली तर तो अर्थच निराळा घेतो.

‘पुण्याची हवा मुंबईपेक्षां कोरडी आहे’ हें मराठी वाक्य निर्दोष मानलें जातें. हवेची तुलना हवेशीं आहे हें ऐकणारा समजून घेतो. हेंच शब्दशः इंग्रजींत नेलें तर पुण्याच्या हवेची तुलना मुंबई नांवाच्या शहराशीं केल्यासारखी होते. इंग्रजींत ‘दॅन’नंतर ‘दॅट ऑफ मुंबई’, म्हणजे ‘मुंबईच्या हवेपेक्षां’, असें म्हणावें लागतें. अनेकवचन असेल तर ‘दोज ऑफ’. ‘या दुकानाचे भाव त्या दुकानापेक्षां कमी’, ‘आमच्या मुलाचें अक्षर तुमच्या मुलापेक्षां वळणदार’ अशीं शेंकडों वाक्यें मराठी माणूस दिवसभर बोलतो. त्यांतील प्रत्येकाला इंग्रजींत जातांना हा एक जादा शब्द लागतो. सुशिक्षितांच्या इंग्रजींत सर्वांत अधिक आढळणारी आणि सर्वांत कमी दुरुस्त होणारी चूक हीच म्हणावी लागेल.

दुसरी गोष्ट ‘अदर’ या शब्दाची. कळसूबाई हें १,६४६ मीटर उंचीचें शिखर महाराष्ट्रांत आहे. तें महाराष्ट्रांतील कोणत्याही शिखरापेक्षां उंच आहे असें म्हटलें, तर तें स्वतःपेक्षांही उंच आहे असें झालें, कारण तेंही महाराष्ट्रांतीलच एक शिखर आहे. म्हणून ‘एनी अदर पीक’, कोणत्याही दुसऱ्या शिखरापेक्षां, असें हवें. केरळांतील अनैमुडी हें २,६९५ मीटरचें शिखर मात्र महाराष्ट्रांतील कोणत्याही शिखरापेक्षां उंच आहे असें ‘अदर’ न घालतां बेलाशक म्हणावें. तें या गटांतलें नाहीं. तमभावांत याच्या उलट होतें. तेथें वस्तु त्या गटांतलीच असली पाहिजे. मिल्टननें १६६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यांत ईव्हला तिच्याच कन्यांच्या गटांत बसवून सर्वांत सुंदर ठरविलें आहे. आई स्वतःच्या मुलींपैकीं एक कशी होईल, असा प्रश्न व्याकरणाचे शिक्षक तेव्हांपासून विचारीत आले आहेत. मिल्टनला तो विचारण्यांत अर्थ नाहीं. अर्ज लिहिणाऱ्या उमेदवाराला तो कोणी विचारील, हें ध्यानांत ठेवावें.

तिसरी गोष्ट संदिग्धतेची. ‘सासूला मुलापेक्षां नातू अधिक आवडतो’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. सासूला मुलगा जितका आवडतो त्याहून नातू अधिक आवडतो, हा एक. आणि मुलाला तो नातू जितका आवडतो त्याहून सासूला अधिक आवडतो, हा दुसरा. घरांत भांडण लागण्यास हा दुसरा अर्थ पुरेसा आहे. इंग्रजींत ‘दॅन हर सन’ एवढ्यावर थांबलें तर तोच घोटाळा राहतो; पण ‘दॅन हर सन डझ’ असें एक लहानसें क्रियापद जोडलें कीं दुसरा अर्थ निश्चित होतो. येथें इंग्रजी वाक्याला मराठीपेक्षां सोपी वाट आहे, आणि ती न वापरणें म्हणजे हातचा दिवा विझवून अंधारांत चालणें होय.

‘पेक्षां’ला सर्वत्र ‘दॅन’ हा प्रतिशब्द मानण्याचा आणखी एक परिणाम कचेऱ्यांत दिसतो. ‘ते माझ्यापेक्षां सीनिअर आहेत’ हें मराठी वाक्य आतां मराठीच झालें आहे. इंग्रजींत मात्र ‘सीनिअर’, ‘जूनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ या शब्दांपुढें ‘टू’ येतें, ‘दॅन’ येत नाहीं. हे शब्द लॅटिन भाषेंतून तरभावाचें रूप घेऊनच आले. ‘सीनिअर’ म्हणजे लॅटिनमध्यें ‘अधिक वयाचा’. त्यामुळें त्यांस ‘मोअर’ही लावूं नये. ‘मेजर’, ‘मायनर’ हे त्याच घराण्यांतले तरभाव, आणि ‘मॅक्झिमम’, ‘मिनिमम’ हे तमभाव.

तमभावासंबंधीं दोन-तीन गोष्टी सांगितल्या म्हणजे पुरे. त्यापूर्वीं बहुधा ‘दि’ येतें, कारण सर्वांत वरचा तो ठराविक एकच असतो. स्थळ सांगावयाचें असल्यास ‘इन’, आणि ज्यांतून निवड केली त्या व्यक्ती सांगावयाच्या असल्यास ‘ऑफ’ : वर्गांत सर्वांत हुषार तेथें ‘इन’, तिघांत हुषार तेथें ‘ऑफ’. मराठीचा ‘त’ हा एकच प्रत्यय दोन्ही कामें करीत असल्यामुळें विद्यार्थी गोंधळतो. क्रमांकाबरोबरही इंग्रजींत तमभावच लागतो. ८,६११ मीटर उंचीचें के-टू हें शिखर जगांत उंचीनें दुसरें. इंग्रजींत तें ‘सेकंड हायेस्ट’. मराठींत ‘दुसरें सर्वांत उंच’ म्हटल्यास कानाला खटकतें, आणि खटकलेंच पाहिजे. तरी वर्तमानपत्रांच्या भाषांतरांतून तें येऊन बसलें आहे. ‘सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकीं एक’ हाही प्रकार तसाच इंग्रजी वळणाचा. इंग्रजींत ‘वन ऑफ दि बेस्ट’ हें अगदीं रूढ आहे. त्यापुढें नाम अनेकवचनी हवें, ‘स्टूडंट’ नव्हे, ‘स्टूडंट्स’. शिफारसपत्र वाचणारा इंग्रज या दोन प्रयोगांत मोठा भेद करतो. ‘दि बेस्ट’ म्हटलें तर लिहिणारानें आपली पत पणाला लावली. ‘वन ऑफ दि बेस्ट’ म्हटलें तर चांगल्यांच्या रांगेंत नेऊन उभें केलें. ‘अ मोस्ट इंटेलिजंट बॉय’ म्हटलें तर तुलना मुळीं केलीच नाहीं; तेथें ‘मोस्ट’चा अर्थ केवळ ‘फार’ असा आहे. एका ‘दि’च्या जागीं ‘अ’ पडल्यानें उमेदवाराचा पहिला क्रमांक जातो.

तरभावाला तुलनेचा दुसरा पक्ष लागतो, आणि तो लपविण्याची कला जाहिरातवाल्यांनीं साधली आहे. अमुक साबणानें कपडे ‘व्हाइटर’ होतात. कशापेक्षां, तें सांगितलेलें नसतें. पाण्यानें नुसते बुचकळलेल्या कपड्यापेक्षां, असें उत्तर द्यावयास ते मोकळे राहतात. कांहीं विशेषणांस पायऱ्याच नसतात असें कडक वैयाकरण म्हणतात : जें ‘युनिक’ म्हणजे एकमेव आहे तें अधिक एकमेव कसें होईल? तर्क बिनतोड आहे. तथापि अमेरिकेच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकांत १७८७ सालीं ‘परफेक्ट’ या शब्दाला ‘मोअर’ लावलेलें आहे, आणि त्यामुळें ती घटना कोणी अवैध ठरविलेली नाहीं.

मराठींतील ‘जसजसें… तसतसें’ या जोडीसाठीं इंग्रजींत तरभावापूर्वीं दोन वेळां ‘दि’ ठेवतात. हें ‘दि’ पाहून विद्यार्थी बुचकळ्यांत पडतो, कारण येथें ठराविक वस्तु कोणतीच नसते. वस्तुतः हा तो नेहमींचा ‘दि’ नव्हेच. जुन्या इंग्रजींत ‘तो’ या अर्थाच्या सर्वनामाचें तृतीया विभक्तीचें एक रूप होतें, त्याचा हा अवशेष. ‘जितक्यानें अधिक, तितक्यानें बरें’ असा त्याचा अर्थ. मराठीचा तृतीयेचा ‘नें’ येथें इंग्रजीच्या पोटांत लपलेला आहे असें समजलें म्हणजे हा प्रयोग एकदम सोपा होतो.

राहतां राहिली ‘एल्डर’ आणि ‘ओल्डर’ यांची गोष्ट. दोन्ही ‘ओल्ड’चेच तरभाव, पहिलें रूप जुनें. आतां ‘एल्डर’ मुख्यतः कुटुंबांतील व्यक्तींस लागतें, नामापूर्वीं येतें, आणि त्यापुढें ‘दॅन’ चालत नाहीं. मराठी माणसाला हें अवघड वाटण्याचें कारण नाहीं, कारण त्याच्या घरांत ‘मोठा’ आणि ‘थोरला’ असे दोन शब्द आहेत. वाड्यापेक्षां वाडा मोठा असतो, थोरला असत नाहीं. मात्र ‘थोरला’ म्हटल्यानें भाऊ किती हें कळत नाहीं. दोघे असले तरी थोरला, पांच असले तरी थोरला. इंग्रजी लेखनांत दोघांतला ‘एल्डर’ आणि तिघांपासून पुढें ‘एल्डेस्ट’ असा भेद पाळला जातो. बोलण्यांत तो सैल झाला असला, तरी ज्यानें व्याकरण घोटलें आहे असा इंग्रज ‘माय एल्डेस्ट सन’ एवढे तीन शब्द वाचून पत्र लिहिणाऱ्या गृहस्थाला निदान तीन मुलगे आहेत असा हिशेब मनांत करून ठेवतो.